गेटच्या आधीचा धूर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या मामांचे आहेत. आईचे हे मोठे भाऊ. गोरेगाव तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत त्यांचं गाव आहे. १९९९ साली मी सातवी पास झालो तेव्हा ते कामठ्याला आमच्या घरी आले, ओसरीत बसून चहा प्यायले आणि आईला म्हणाले, "याले मी नेतो. तिकडं शारा जवर हाय."

शाळा जवळ नव्हती. मामांच्या गावाहून रस्त्यापर्यंत चालत यायचं आणि तिथून एसटीनं गोरेगावला जायचं. शाळा कामठ्यातही होती. पण आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. रोवणा लागला की माझे दोघे भाऊ शाळेतून उठून दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवायला गेले होते आणि परत वर्गात बसलेच नव्हते. माझंही तेच होणार हे मामांना दिसत होतं. त्यांच्या घरी रोवण्याच्या दिवसांत सगळं घर चिखलात असायचं, फक्त मी कोरडा. एकदा मीच पँट दुमडून बांधीत उतरलो तर त्यांनी मला हात धरून वर काढलं.

"भाश्याले कामाले लावू का? लोक काय मनतीन?"

आमच्याकडे भाच्याचा मान फार मोठा. मामा वयानं कितीही मोठा असो, तोच भाच्याच्या पाया पडतो. भाच्यानं मागितलेलं नाही म्हणायचं नसतं. मी तेरा-चौदा वर्षांचा, आणि दिवाळीला हा मिशा पिकायला लागलेला माणूस वाकून माझ्या पायांना हात लावायचा. मी पाय मागे घेतले की मामी ओरडायच्या, "गुमान उभा राय गा!" या मानाच्या आडोशानं मामांनी मला बारावीपर्यंत शिकवलं, मग गोंदियाच्या कॉलेजात घातलं. मी बी.एस्सी. झालो. निकालाच्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "केमिस्ट्री झाला." पुढे कितीतरी वर्षं गावातली माणसं मला 'केमिस्ट्री' म्हणूनच हाक मारत.

नोकरी लागली ती गोंदियाजवळच्या एका राइस मिलमध्ये. पद होतं गुणवत्ता अधिकारी. काम असं, की गेटवर धानाची गाडी आली की कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, परखी खुपसायची, मूठभर धान काढायचं, ओलावा पाहायचा, थोडं सोलून पाहायचं आणि त्यात खंडा किती पडतो ते लिहायचं. खंडा म्हणजे तुटका तांदूळ. दाणा भरायच्या दिवसांत बांधी सुकली तर दाण्याला आतून चीर जाते आणि मिलमध्ये तो तुटतो. म्हणून आमचे मुनीमजी काट्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "पानी था?" आणि प्रत्येक शेतकरी एकच उत्तर देई, "फुल होतं." पाणी नव्हतं असं म्हटलं की मुनीमजी भावात काट लावत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिलच्या माणसानं पाण्याचं विचारलं तर काय सांगायचं, हे आमच्या भागातला माणूस वखर धरायच्या आधी शिकतो.

मी नोकरीत जुना झालो होतो तेव्हा एका मोठ्या कंपनीनं आमच्या मिलकडे वेगळी मागणी केली. ती कंपनी छोट्या पाकिटांत तांदूळ भरून परदेशी दुकानांना देत असे. तिला आमच्याकडचं जुनं, बारीक, वासाचं वाण हवं होतं, आणि ते सगळं एकाच गावचं हवं होतं, म्हणजे पाकिटावर गावाबद्दल दोन ओळी छापता येतील. ते वाण लोकांनी जवळजवळ सोडलं होतं. उतारा कमी, उंच वाढतं, वाऱ्यात लोळतं. मी मामांना सांगितलं. मामा घरोघर गेले. पहिल्या हंगामात त्यांच्यासह थोड्याच लोकांनी ते लावलं, दुसऱ्या हंगामात जवळपास अख्ख्या गावानं.

त्याचं काय झालं ते सांगतो. तोवर धान विकायचं म्हणजे अडत्याच्या दारात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नेऊन उभं राहायचं, तो म्हणेल तेव्हा मोजायचं, तो म्हणेल ते ऐकायचं. आता मिलची गाडी गावात येऊ लागली. शाळेपुढच्या मैदानात काटा लागायचा, सगळ्यांसमोर माप व्हायचं, भाव अडत्यापेक्षा चढा असायचा. मामा काट्याशेजारी उभे असत, पांढरी टोपी घालून, लग्नात उभे राहिल्यासारखे. माल खराब निघाला तर मी पाहून घेईन, असं त्यांनी मिलमालक सेठजींना सांगितलं होतं आणि भाव कमी मिळाला तर मी पाहून घेईन, असं गावाला. दोन्हीकडून शब्द त्यांचाच होता.

तिसऱ्या वर्षी त्या कंपनीची एक मेल आली. आमच्या ऑफिसात इंग्रजी मेल माझ्याकडे येत. परदेशी दुकानांना आता आपल्या मालामागे किती कार्बन हवेत गेला ते जाहीर करायचं होतं. दुकानांनी कंपनीला विचारलं, कंपनीनं आम्हाला. मिलमध्ये किती वीज, किती डिझेल लागलं ते तर हवंच होतं. पण त्याहून जास्त त्यांना मिलच्या आधीचं हवं होतं. धान कसं पिकलं, खत किती पडलं, गाडी कुठून आली, बारदाना कुठे विणला. आकडा ठरावीक मर्यादेच्या आत आला तर या हंगामाचा माल ते घेणार होते आणि पुढेही यादीत नाव राहणार होतं, नाहीतर नाही.

सेठजींना मी हे समजावून सांगितलं. ते पान चघळत ऐकत होते.

"अपना बॉयलर तो भूसी पे चलता है। धान का छिलका। इसमें कार्बन कहाँ से आया?"

"सेठजी, मिल का तो कम ही है। गेट के पहले का भी गिनना है।"

"गेट के पहले का? वो मेरा कैसे हुआ?"

"वो बोलते हैं, माल लिया तो उसका धुआँ भी लिया।"

"फिर मेरे दादाजी की बीड़ी भी जोड़ दे," ते म्हणाले. मुनीमजी हसले. मग सेठजी गंभीर होऊन म्हणाले, "तू पढ़ा-लिखा है, तू देख ले। मामा का गाँव है तेरे।"

मी देखायला लागलो. खरं सांगतो, सुरुवातीला मला त्या कामाचा अभिमान वाटला. केमिस्ट्री शिकून इतकी वर्षं मी कट्ट्यात परखी खुपसत होतो. आता कुठे वायू, इंधन, माती हे शब्द कामाला आले. ही मोजणी करून देणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेतल्या मॅडम मला फोनवर सगळं शिकवत. वयानं माझ्याहून लहान असाव्यात, पण फार सोशीक. प्रत्येक वस्तू किती वापरली ते लिहायचं आणि तक्त्यातल्या आकड्यानं गुणायचं. जिथे मोजमाप नाही तिथे अंदाज, पण अंदाज कसा काढला ते लिहायचं.

बारदाना बंगालचा, त्याचा आकडा तक्त्यातच होता. गाड्यांसाठी मी कोहमाऱ्याच्या चौकात गेलो. रायपूर-नागपूरच्या गाड्या तिथल्या ढाब्यांवर थांबतात. आमच्या मालाच्या गाड्या परत येताना रिकाम्या येतात का भरलेल्या, हे मला हवं होतं. रिकामी आली तर तिचंही डिझेल आमच्या तांदळावर चढणार. एक ड्रायव्हर बाजेवर पाय पसरून बसला होता. त्यानं माझे प्रश्न ऐकून घेतले आणि विचारलं, "साहब, आप आरटीओ से हो?"

"नहीं, राइस मिल से।"

"तो खाली आने का दुख आपको क्यों हो रहा है? वो तो मेरे को होना चाहिए।"

सगळा ढाबा हसला. मलाही हसू आलं. पण त्यानं नीट माहिती दिली, चहाही पाजला.

हे सगळं मिळून एकूण आकड्याचा लहान वाटा होता. खरा वाटा धानाच्या बांधीत होता. पाण्याखाली माती दडपून राहिली की तिला हवा मिळत नाही, आणि तिच्यातले जीवजंतू एक वायू सोडतात. तो कार्बनच्या धुरापेक्षाही जास्त ताप करतो. बांधी मधे सुकली, मातीला हवा लागली, की तो वायू थांबतो. त्यामुळे मॅडमच्या फॉर्ममध्ये प्रत्येक शेतकऱ्याला विचारायचा मुख्य प्रश्न हा होता: हंगामात बांधीतलं पाणी आटलं का, किती वेळा? 'माहीत नाही' असं लिहिलं तर ते 'सतत पाण्याखाली' धरणार. सतत पाण्याखाली म्हणजे सगळ्यात मोठा आकडा. तो आला की आपण मर्यादेच्या बाहेर.

मला मात्र काळजी नव्हती. मामांच्या गावाला कालवा नाही. वर एक बोडी आहे, लहान तळं म्हणा, आणि तिच्या खाली पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या बांध्या. बोडीला लागून असलेल्या एकदोन बांध्या सोडल्या तर बाकी सगळं पावसाच्या भरवशावर. त्या वर्षी भाद्रपदात पावसानं मोठा खंड दिला होता. मामांची बांधी खालच्या टोकाला. तिच्यात मी स्वतः पाय घालण्याइतक्या भेगा पाहिल्या होत्या. दाणा भरायच्या आधी पाऊस परत आला म्हणून पीक वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा, बांधी सुकली ही गोष्ट आपल्या फायद्याची होती, आणि ती खरीही होती.

एका सकाळी मी मोबाइल घेऊन गावात गेलो. फॉर्म मोबाइलवरच होता. उत्तर भरलं आणि बटण दाबलं की ते तिथूनच पुण्याला पोचायचं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मामांनी लोक जमवले होते. मी वायूचं वगैरे सोपं करून सांगितलं.

एक म्हातारे आजोबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "मंजे बांधी पादते असं मनून राहिला का तू?"

"तसंच समजा, आबाजी."

"आन तो वास पुन्यापर्यंत गेला?"

ओटा हादरेपर्यंत लोक हसले. मग मी एकेकाला विचारायला लागलो. पहिल्यानं सांगितलं, पाणी फुल होतं. दुसऱ्यानं सांगितलं, हटलंच नाही. तिसरा म्हणाला, "कटनीपर्यंत घोट्याएवढं होतं." मी थांबून म्हणालो, "अजी, यावेळी काट लागत नाही. सुकली असेल तर सुकली सांगा, उलट चांगलं आहे."

"सुकली तं चांगलं?" मागून कोणीतरी म्हणालं. "काऊन गा केमिस्ट्री, मुनीमजीनं पाठवलं का तुले?"

"आता पान्यावर बी काट लावतेत वाटते!"

मी मामांकडे पाहिलं. ते लोकांकडे पाहत होते. या सगळ्यांच्या धानाची हमी त्यांनी दिली होती. मिलचा माणूस समोर बसला होता, तो भाचा असला तरी मिलचा. मी त्यांनाही विचारलं, कारण यादीत त्यांचंही नाव होतं.

"मामाजी, तुमची बांधी?"

ते घसा साफ करून म्हणाले, "पानी कधी हटलं नाई."

मी जे ऐकलं ते भरलं. भरायचंच होतं. बटण दाबलं.

दुपारी जेवण झाल्यावर मागच्या अंगणात मी मामांना पुन्हा सगळं समजावलं. मामी भांडी घासत होत्या. मी म्हणालो, "मामाजी, तुमच्या बांधीत माझा पाय गेला होता भेगेत. तुम्हीच काढला."

"हो, मंग."

"मग पाणी हटलं नाही कसं?"

"भासा, मी त्या सेठले सांगतलं, माल एक नंबर देतो मनून. आता चार लोकायसमोर सांगू, बांधी सुकली होती?"

"पण याच्यात सुकलेलीच बांधी पास होते."

त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. पण जगात कुठेतरी कोणीतरी शेतकऱ्याला सुकलेल्या बांधीबद्दल जास्त भाव देईल, हे त्यांच्या मनात बसेना. उभ्या जन्मात तसं कधी झालं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तुले काय पायजे ते सांग. तुयं काम झालं पायजे."

मी म्हणालो, "लोकांना समजावा. जसं झालं तसं सांगू द्या. मी पुण्याला विचारून परत येतो."

मॅडमना मी फोन करून सांगितलं की उत्तरं बरोबर आली नाहीत, लोक काट लागेल या भीतीनं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "परत विचारा," त्या म्हणाल्या, "कारण लिहून ठेवा. पण सर, यावेळी एकेकाला वेगळं विचारा, घोळक्यात नको." त्यांचा सल्ला मला पटला. पुढच्या आठवड्यात मी घरोघर गेलो.

पहिल्याच घरी उत्तर मिळालं, "बांधी दोनदा सुकली. भेगा पडल्या." मला बरं वाटलं. दुसऱ्या घरी, "बांधी दोनदा सुकली. भेगा पडल्या." तिसऱ्या घरी बाई चुलीपाशी होत्या. मी प्रश्न पुरा करायच्या आत त्या म्हणाल्या, "दोनदा सुकली वो. भेगा पडल्या." नंतर माझ्या लक्षात यायला लागलं. हे घरोघर पाठ झालेलं वाक्य होतं, आणि ते जवळजवळ सगळीकडे खरं होतं. खालच्या बांध्या खरंच दोनदा सुकल्या होत्या. पण सांगणारे ते खरं म्हणून सांगत नव्हते.

शेवटचं घर बोडीला लागून शेत असलेल्या काकांचं. त्यांच्या बांधीत तर बोडीचा पाझर बारा महिने. तेही म्हणाले, "दोनदा सुकली, भेगा पडल्या."

मी मोबाइल खाली ठेवला. "काका, तुमच्या बांधीत मार्चातही बेडूक असतात."

ते हसले. "असू दे ना. तुया मामा आला होता. मने, भाश्याचं काम हाय, सुकली मनून सांगा, कायले इचारू नका. आता तुया मामा असा हात जोडून दारात उभा राह्यला तं नाई मनता येते का गा? लिय ना, भासा तं आमचाबी हायेस."

मी त्यांना म्हणालो, तुमचं पाणी होतं असंच लिहितो. ते एकदम दुखावले. "काऊन? बाकीच्यायचं लियलं, माह्यावरच काऊन? मंग माहं धान वेगरं काढसान का?" शेजारचे दोघे येऊन उभे राहिले. काकांचं धान वेगळं पडणार ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली असती आणि तिचा जाब मामांना द्यावा लागला असता. मी त्यांचं उत्तर तसंच भरलं, त्यांनी सांगितलं तसं. खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की या बांधीला बोडीचा पाझर आहे. आणि बटण दाबलं.

मामांनी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. वायू, माती, मर्यादा यातलं काहीही त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. भाच्यानं काही मागितलं की ते द्यायचं असतं, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि ते त्यांनी सगळ्या गावाकडून आणून दिलं होतं.

पंधरवड्यानं मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच सौम्य होता.

"सर, पहिल्या वेळी सगळ्यांनी एक सांगितलं, दुसऱ्या वेळी सगळ्यांनी उलटं. तेही एकाच शब्दांत. तुम्ही शेरा लिहिलाय ते शेत आम्ही उपग्रहाच्या फोटोत पाहिलं. त्यात पूर्ण हंगाम पाणी दिसतंय."

"मॅडम, ते एकच शेत तसं आहे. बाकीचे खरं बोलले आहेत."

"पहिल्या वेळी की दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी."

"आणि हे काका?"

"ते… माझ्यासाठी बोलले."

"मी समजू शकते. पण हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

मी बाकीची शेतंही फोटोत पाहायला सांगितलं. त्यांनी पाहिली होती. भाद्रपदाच्या त्या दिवसांत आमच्याकडे ऊन कमी आणि ढग जास्त होते. पाऊस न देणारे ढग. फोटोत नुसतं पांढरं. बोडीजवळचं शेत तेवढं आधीच्या आणि नंतरच्या फोटोंत पाण्यानं चमकत होतं. मी तहसीलच्या पावसाच्या नोंदी पाठवल्या. पाऊस पडला नाही हे त्यातून कळत होतं, बांधीत पाणी नव्हतं हे कळत नव्हतं. मी म्हणालो, पुढच्या हंगामात आम्ही बांधीत नळ्या पुरतो, पाणी किती खाली गेलं ते रोज मोजतो. त्या म्हणाल्या, नक्की करा. पण या हंगामाची खरेदी याच आकड्यावर ठरणार होती.

शंकास्पद माहिती बाजूला ठेवायची आणि तक्त्यातला नेहमीचा आकडा घ्यायचा, असा त्यांचा नियम. नेहमीचा म्हणजे सतत पाण्याखाली. दुष्काळानं भेगाळलेलं गाव कागदावर पावसाळाभर बुडून राहिलं.

आकडा मर्यादेच्या बाहेर गेला. कंपनीची दोन ओळींची मेल आली, त्यात आभार होते. सेठजींनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाले, "छोड़। वो लाइन बंद। सरकारी धान तो है ही।" मिलला काही झालं नाही. गेटवर गाड्या येत राहिल्या, मी परखी खुपसत राहिलो. मी त्यांना म्हणालो, निदान गावातलं माप तरी चालू ठेवू, साध्या धानासाठी. ते म्हणाले, "उतने माल के लिए गाड़ी कौन भेजेगा?" त्यांचंही चूक नव्हतं. मिल त्यांची होती, गाव माझ्या मामांचं.

मी कंपनीला पुन्हा पुन्हा लिहिलं. दुसऱ्या एका कंपनीला विचारलं, तिचाही तोच फॉर्म निघाला. तोवर हंगाम गेला. लोकांनी ते वासाचं धान अडत्याच्या दारात नेलं. त्याला वासाशी काही घेणं नव्हतं, त्यानं ते जाड्या धानाच्या ढिगात ओतलं. मामाही ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभे होते. अडत्या सगळ्यांसमोर म्हणाला, "काय मामासाहेब, पॉकिटवाले आले नाई का अजून?" हे मला मामींनी सांगितलं.

मामा मला कधीच काही बोलले नाहीत. त्यानंतर संक्रांतीला मी गेलो तेव्हा ते नेहमीसारखे वाकले. मी त्यांचे हात धरले तर त्यांनी ते सोडवून घेतले आणि पाया पडले. मला ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण भाच्यावर रागावण्याची सोय आमच्याकडे नाही.

फोनवर विचारलं की म्हणत, "बरं हाय. तू पाहून राहिलास ना, होईन." आणि फोन मामींकडे देत. मग उन्हाळ्यात मामींकडून कळलं की त्यांनी त्या वाणाचं बियाणं राखून ठेवलंय. आपलंच नाही, लोकांनाही विकू दिलं नाही. भासा पाहून राहिला आहे, म्हणतात. अडत्याकडे गेलेले लोक त्यांच्या शब्दावर कोठीत बी धरून बसले होते, आणि त्यांनी जाड्या धानाचं बी घेतलंच नव्हतं. ते वाण पुन्हा लावलं असतं तर कमी उतारा आणि अडत्याचा भाव, दोन्ही त्यांच्या माथी बसलं असतं, आणि त्याबद्दल विचारायला लोक मामांच्याच दारात आले असते.

फोनवर मला हे सांगता आलं नसतं. ते "होईन" म्हणाले असते आणि मी गप्प बसलो असतो. मामा चौथी शिकलेले आहेत, सावकाश वाचतात. मी त्यांना पत्र लिहिलं. माझ्याकडे त्याची प्रत नाही, पण जे लिहिलं ते असं होतं.

मामाजी,

मामींच्या हाती देऊ नका, हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. घाई नाही.

पाकिटवाले येणार नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. मी तुम्हाला फोनवर "पाहतो" म्हणत राहिलो कारण मी खरंच पाहत होतो. आता पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. ज्यांना विचारायचं त्या सगळ्यांना विचारून झालं. कोणी वाईट बोललं नाही, पण कोणी हो म्हटलं नाही.

तुमच्या मालात काही खोट नव्हती. त्यांनी माल परत केला नाही, नावं ठेवली नाहीत. आपल्या बांध्या सुकल्या होत्या हे खरं आहे, पण ते त्यांना पटेल असं दाखवता आलं नाही. बोडीजवळच्या काकांना काही बोलू नका. कोणी बोलत असेल तर थांबवा. ते आपल्या भल्यासाठीच बोलले.

आता ऐका. ते बी राखू नका. लोकांनाही आजच सांगा. तुम्हाला सांगायला जड जात असेल तर माझं नाव सांगा, भाच्यानं नाही म्हटलं म्हणून सांगा. पऱ्ह्यांचं बी टाकायला थोडेच दिवस आहेत. जाड्या धानाचं बी गोरेगावच्या सोसायटीत आहे, मी चौकशी केली. उशीर केला तर तेही संपेल. धान सरकारी केंद्रावर द्या. तिथे रांग असते, पण भाव ठरलेला असतो. नाव नोंदवायला सातबारा आणि बँकेचं पासबुक लागतं. मी रविवारी येतो आणि ज्यांची नोंद राहिली असेल त्यांची करून देतो.

पावसाळ्यात मी एकदोन बांध्यांत नळ्या पुरून पाणी मोजणार आहे. त्यातून तुम्हाला काही मिळेल असं समजू नका. मला नुसतं मोजून ठेवायचं आहे.

लोक तुम्हाला विचारतील की आता काय. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, मामाजी. असतं तर तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं असतं. तुम्ही माझ्यासाठी जे केलं त्यातलं थोडंतरी गावाला परत करावं असं मनात होतं. ते झालं नाही, आणि मला वाटतं आता होणारही नाही.

कोठीतलं बी मामींना दळून-कांडून घ्यायला सांगा आणि घरी खा. ज्यांच्याकडे आहे त्यांनाही तेच सांगा. पाऊस लागायच्या आत संपवा, नाहीतर भुंगा लागेल.

तुमचा भासा